खारपाणपट्ट्यातल्या टाकीत लांब काट्यांचा अर्चिन: काटे का गळतात, आणि प्रवाळावर त्याचं काम काय

आधी प्रश्न थोडक्यात. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात ३०० लिटर मोजून भरलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. पाणी जारच्या आरओचं, मीठ विकतच्या समुद्री मिश्रणाचं. नऊ दिवसांपूर्वी मुंबईहून काळा, लांब काट्यांचा अर्चिन (समुद्राच्या तळावर राहणारा गोल, काटेरी प्राणी) आणून सोडला. उन्हाळ्यामुळे रोज सुमारे ६ लिटर पाणी आटतं आणि तेवढंच तयार खारं पाणी वरून भरलं जातं. सहाव्या दिवसापासून काटे गळायला लागले. हलत्या काट्याचा क्षारमापक मात्र अजून विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२५ च, म्हणजे समुद्राइतकंच दाखवतो. विचारणा अशी: हा रोग आहे का, औषध कोणतं, बोअरचं पाणी नाहीतरी खारटच आहे तर तेच वापरून मिठाचा खर्च वाचेल का, आणि हा प्राणी प्रवाळ खाऊन टाकतो हे खरं का.

औषध कोणतंच घालू नका. माशांच्या बऱ्याच औषधांमध्ये तांबं असतं आणि तांब्याचा अंशही अर्चिनला मारतो. तुमच्या टाकीतलं दुखणं प्रश्नातच लिहिलेलं आहे: आटलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही खारं पाणी भरताय.

आटतं ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहतं. ३०० लिटर पाण्यात हजारी ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणे साडेदहा किलो मीठ होतं. रोज ६ लिटर खारं पाणी म्हणजे आणखी २१० ग्रॅम. नऊ दिवसांत १,८९० ग्रॅम मीठ वाढलं, पाणी तेवढंच राहिलं. क्षारता आता हजारी ४१ च्या वर, विशिष्ट गुरुत्व १.०३१ च्या आसपास असायला हवं. मापक १.०२५ दाखवतो याचं कारण त्या प्रकारच्या मापकात काट्याला मिठाचा थर चिकटला की तो चुकीचा आकडा दाखवत राहतो. गरम पाण्याने धुऊन, बुडबुडे झटकून पुन्हा मोजा, आणि शक्य तितक्या लवकर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगणारं उपकरण) घ्या. तोही घेतल्या घेतल्या खरा मानू नका. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी असं द्रावण करा. त्यावर रिफ्रॅक्टोमीटरने हजारी ३५ दाखवलं पाहिजे. नसेल दाखवत तर स्क्रू फिरवून तिथे आणा. हा आकडा ३५ का नाही असं वाटेल. साधं मीठ आणि समुद्राचं मीठ प्रकाश सारखा वळवत नाहीत, म्हणून. शाळेच्या प्रयोगशाळेतला ग्रॅमचा काटा या कामाला पुरतो.

आता हे अर्चिनलाच का बाधलं आणि माशांना का नाही? माशाला मूत्रपिंड आहे, कल्ले आहेत. अंगातलं मीठ तो स्वतः सांभाळतो. अर्चिन कंटकचर्मी आहे, तारामाशाच्या कुळातला. त्याच्याकडे मीठ सांभाळणारा अवयवच नाही. त्याच्या कवचात जे पाणी असतं ते बाहेरच्या समुद्राच्याच क्षारतेचं. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्याचे शेकडो नळीपाय आतल्या पाण्याच्या दाबावर चालतात, त्यामुळे पहिली पकड जाते ती त्यांची. काचेवरून तो घसरतो, दगडावर सैल बसतो. मग काट्यांचे सांधे.

हा सांधा समजून घेतला तर पुढची निम्मी शंका मिटते. कवचावर बारीक गोल गाठी असतात, प्रत्येक काट्याचं बूड वाटीसारखं असून ते गाठीवर बसतं, आणि भोवती स्नायू व एक खास तंतुमय ऊतक त्याला धरून ठेवतं. हे ऊतक हवं तेव्हा ताठ आणि हवं तेव्हा सैल होतं. प्राणी खचला की ते सैल पडतं आणि काटा मुळापासून निघतो. म्हणून तळाशी पडलेला काटा चिमट्याने उचला आणि भिंगाखाली बूड बघा. वाटीसारखं बूड शाबूत असेल तर काटा गळालेला आहे; बूड नसेल, दोन्ही टोकं तुटकी असतील तर तो मोडलेला आहे. मोडलेला काटा म्हणजे पंपाचं तोंड, अरुंद फट किंवा खोडी काढणारा मासा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, काटा पुन्हा वाढतो. गळालेला काटा म्हणजे पाण्याची तक्रार.

गळण्याच्या तऱ्हेवरूनही कारण कळतं. आणल्यावर एक-दोन दिवसांत सगळीकडून गळायला लागले तर सोडताना क्षारतेचा किंवा तापमानाचा धक्का बसलेला असतो. आठवडाभराने हळूहळू सुरू झालं तर क्षारता सरकतेय. हीच तुमची स्थिती. महिना-दोन महिन्यांनी विरळ होत गेले तर बहुतेक वेळा उपासमार. एकाच जागी टक्कल पडून कडा काळपट-हिरवट दिसली तर जखमेतून झालेला जिवाणूंचा संसर्ग. आणि एका रात्रीत काटे आडवे, सोबत गोगलगायी उलट्या पडलेल्या, कोळंबी मेलेली, मासे मात्र ठीक, असं दिसलं तर विष: तांबं किंवा कीटकनाशक. मासेही धापा टाकत असतील तर अमोनिया किंवा ऑक्सिजनची टंचाई.

दुरुस्ती आजच सुरू करा, पण एका दिवसात संपवू नका. वाढलेली क्षारता एकदम उतरवली तर उलटा धक्का बसतो. रोज टाकीतलं १० लिटर खारं पाणी काढा आणि तेवढं गोडं आरओचं पाणी सलाईनच्या नळीने चार-पाच तासांत थेंबथेंब सोडा. आटलेलं ६ लिटर वेगळं भरायचं, तेही गोडंच. हिशेबाने क्षारता ४१.३ वरून ३९.९, ३८.६, ३७.३, ३६.१ अशी उतरत पाचव्या दिवशी ३५ ला येते. शेवटच्या दिवशी मोजून थांबा. या पाच दिवसांत त्याला हात लावू नका, जागा बदलू नका. नळीपाय पुन्हा काचेला चिकटू लागले आणि सावली पडली की काटे वळू लागले, तर तो वाचला.

पुढे रोजचा नियम एकच: काचेवर पाण्याच्या पातळीला पट्टी चिकटवा, आटलेलं गोड्या पाण्याने भरा, खारं पाणी फक्त पाणी बदलताना वापरा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा भरा. १० लिटर आटून गेलं आणि भरायचं राहिलं तर ३५ चं ३६.२ होतं, एकदा चालतं, रोज नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि तो चुकीचा नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याचं पाणी खारट आहे, पण ते समुद्राचं खारं नाही. समुद्राच्या पाण्यात क्षारांचं आपसातलं प्रमाण जगभर जवळपास एकच असतं: हजारी ३५ क्षारतेला एका लिटरमध्ये सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, क्लोराइड १९.४ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १,२९० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४१० मिलिग्रॅम, पोटॅशियम ४०० मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्यात हे प्रमाण गावागावाला, कधी शेताशेताला बदलतं. कुठे बायकार्बोनेट जास्त, कुठे क्लोराइड, वरून खतातलं नायट्रेट. त्यात मिश्रण ओतलं तर मीटरवर ३५ दिसेल, पण अर्चिनला लागणारं मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गणित मोडलेलं असेल. त्याचं कवच आणि काटे मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचे असतात. नवा काटा वाढवायला दोन्ही हवेत. लोणारचं सरोवरही खारंच आहे, पण तिथला सामू १० च्या घरात आहे, समुद्राचा ८.१ च्या आसपास. नुसतं खारट असून भागत नाही, हे समजायला ते उदाहरण पुरे.

आरओ करूनही खारपाणात एक अडचण येते. घरगुती पडदा साधारण ९५ टक्के क्षार अडवतो. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २,००० असेल तर एका फेरीनंतर १०० उरतो. पिण्यासाठी उत्तम, या टाकीसाठी नाही. इथे ० ते ५ हवा. तेच पाणी दुसऱ्यांदा आरओतून काढा, किंवा पहिल्या फेरीनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं नळकांडं लावा; पण थेट १०० टीडीएसवर रेझिन भराभर संपतं, म्हणून दुसरी फेरी स्वस्त पडते. जारचं पाणी घेत असाल तर प्रत्येक जार टीडीएस पेनने तपासा. बऱ्याच ठिकाणी चवीसाठी आरओच्या पाण्यात मूळ पाणी मिसळतात आणि आकडा दर आठवड्याला वेगळा येतो. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते, ती आरओच्या पडद्यालाही खाते. आधी कार्बन फिल्टर हवाच.

मीठ कालवण्याची रीत: आधी पाणी, मग मीठ. १०० लिटरला साधारण ३.८ किलो लागतं, कारण मिश्रणात ओलावा असतो. पण पिशवीवरचा आकडा नव्हे, मोजलेला आकडा खरा. हळूहळू टाका, पंपाने २४ तास फिरवा, टाकीच्याच तापमानाला आणा, मोजा, मग वापरा. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि ते मीठ वाया जातं. तयार पाण्यात लिटरला कॅल्शियम ४०० ते ४४० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२८० ते १,३५० मिलिग्रॅम, आणि क्षारीयता (कार्बोनेटचा साठा) ७ ते ९ डीकेएच या एककात हवी.

बादली, ड्रम, नळी हे सगळं फक्त टाकीसाठी वेगळं ठेवा. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीला एकदा वापरलेली बादली कितीही घासली तरी नको. कीटकनाशकं किड्यांच्या मज्जासंस्थेवर बेतलेली असतात आणि बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांनाही ती बाधतात. औषधांचे डबे ठेवलेल्या खोलीत हवेचा पंप लावू नका, तो तिथलीच हवा पाण्यात सोडतो. फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत हात घालायचा नाही, दुसऱ्या दिवशीही साबणाने धुऊनच. डासांच्या उदबत्त्या आणि फवारे टाकीच्या खोलीत बंद. पावसाचं पाणी स्वच्छ वाटतं, पण फवारणीच्या हंगामात पत्र्यावरून उतरलेल्या पाण्याचा भरवसा धरू नये.

आता प्रवाळ खातो का, याकडे वळतो. इथे माझा आग्रह आहे की हा प्राणी समुद्रात काय करतो ते नीट समजून घ्या. टाकीतल्या त्याच्या सगळ्या गरजा तिथूनच येतात.

तुमच्याकडचा अर्चिन बहुधा डायाडेमा सेटोसम या जातीचा आहे. ओळख सोपी: वरच्या बाजूला मधोमध एक फुगा दिसतो आणि त्याच्या टोकाला नारिंगी कडं असतं. लोक त्याला डोळा समजतात. ते गुदद्वार आहे. भोवती पाच पांढरे ठिपके आणि निळ्या बारीक टिंबांच्या रेघा. नारिंगी कडं नसेल आणि निळ्या रेघा ठळक असतील तर तो डायाडेमा सॅव्हिनी जातीचा, सांभाळण्याची रीत तीच. कवच मुठीएवढं, काटे मात्र ३० सेंटिमीटरपर्यंत. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात, आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात इथे तो सापडतो. कॅरिबियन समुद्रात त्याचा भाऊबंद डायाडेमा अँटिलारम.

दिवसा तो प्रवाळाच्या कपारीत बसतो, अंधार पडला की बाहेर येतो, खडक खरवडत हिंडतो आणि उजाडायच्या आत बहुतेकदा आपल्याच कपारीत परततो. तोंड खालच्या बाजूला. त्यात पाच दात असलेली एक यंत्रणा आहे, तिला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात झिजतात तसे मागून वाढत राहतात आणि झिजतानाच त्यांना धार येते. तो खातो ते मुख्यतः शेवाळ; खरवडताना चुनखडीचा थरही पोटात जातो आणि गोळ्या-गोळ्यांच्या विष्ठेतून वाळू होऊन बाहेर पडतो. टाकीच्या तळाशी दिसणारे बारीक गोल दाणे ती हीच, अंडी नव्हेत. दाणे दिसताहेत म्हणजे तो जेवतोय.

शेवाळ खरवडण्याचं हे काम किती मोलाचं आहे ते १९८३ साली जगाला कळलं. त्या वर्षी जानेवारीत पनामाच्या किनाऱ्यावर डायाडेमा मरू लागले आणि सुमारे वर्षभरात साथ अख्ख्या कॅरिबियनभर पसरली. बहुतेक ठिकाणी ९३ टक्क्यांहून अधिक अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच मासेमारीने संपले होते, अर्चिन हा शेवटचा चरणारा उरला होता. तोही गेल्यावर खडक शेवाळाने झाकले गेले. १९७७ ते १९९३ या काळात तिथलं जिवंत प्रवाळ ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. चक्रीवादळांनीही प्रवाळ मोडलं होतं, पण मोडलेल्या जागी नवं प्रवाळ धरेना, कारण प्रवाळाच्या अळीला बसायला स्वच्छ, टणक खडक लागतो आणि तो शेवाळाखाली गेला होता. तण माजलेल्या वावरात पेरलेलं बी उगवलं तरी टिकत नाही, तसंच. अर्चिन म्हणजे त्या वावरातला डवरा.

१९८३ च्या साथीचं कारण तेव्हा सापडलं नाही. २०२२ च्या जानेवारीत व्हर्जिन बेटांजवळ पुन्हा तशीच मर सुरू झाली आणि या वेळी २०२३ मध्ये संशोधकांनी कारण दाखवलं: फिलॅस्टर वंशासारखा एक सूक्ष्म, केसाळ एकपेशीय जीव. त्याच सुमारास भूमध्य समुद्रात आणि तांबड्या समुद्रात डायाडेमा सेटोसमही मोठ्या प्रमाणात मेले. लक्षणं तीच: नळीपायांची पकड सुटणं, काटे आडवे पडणं, मग गळणं. तुमच्या टाकीतली लक्षणं तशीच दिसतात म्हणून आजार तोच असं समजू नका; या प्राण्याकडे दुखणं दाखवायच्या खुणाच दोन-तीन आहेत. पण या साथी लक्षात घेता टाकीतलं पाणी किंवा मेलेला अर्चिन कधीही समुद्रात वा खाडीत टाकू नये.

दुसरी बाजूही आहे. अर्चिन फार झाले तर ते खडकच पोखरतात. त्यांना खाणारे ट्रिगरफिश, फुगा मासे, शेवंडं आणि शिरस्त्राण शंख मासेमारीने कमी झाले की अर्चिनांची संख्या वाढते, शेवाळ संपतं, मग दात चुनखडीवर आणि कोवळ्या प्रवाळावर पडतात. केनियाच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या आणि संरक्षित खडकांची तुलना करताना हेच दिसलं. तेव्हा उत्तर असं: पोट भरलेला अर्चिन प्रवाळाला राखतो, उपाशी अर्चिन प्रवाळही खरवडतो. टाकीतही अगदी हेच होतं.

म्हणून खाणं. ३०० लिटरच्या टाकीत एकच अर्चिन, दुसरा नको. नव्या टाकीत तो चारेक आठवड्यांत सगळं शेवाळ संपवतो आणि मग मालकाला वाटतं टाकी किती स्वच्छ झाली. खरं तर त्याची उपासमार तिथून सुरू होते. टाकी किमान चार-सहा महिने मुरलेली, दगडांवर गुलाबी चुनखडी शेवाळ धरलेली असेल तेव्हाच तो आणायला हवा होता. आता आणलाच आहे तर एक दिवसाआड रात्री दिवे गेल्यावर सुकं समुद्री शेवाळ, म्हणजे नोरी, द्या. मीठ-तेल-मसाला न लावलेली. साधारण १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा क्लिपने दगडाच्या खालच्या अंगाला लावा आणि सकाळी उरलेलं काढा. बाजारचा पालक घालू नका, त्यावरची फवारणी धुतल्याने जातेच असं नाही.

खडक घट्ट रचा. हा प्राणी दोन दगडांच्या फटीत घुसतो आणि सुटा दगड कलंडवतो. त्याच्या काट्यांसकट मावेल अशी निदान २५ ते ३० सेंटिमीटर खोल कपार हवी, नाहीतर तो दिवसभर उजेडात अवघडून राहतो. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: दगडी प्रवाळ, मेलेला तुकडासुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा खडक कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. वणी-कोरपन्याकडचा चुनखडीचा दगडही रचाईला चालतो. व्हिनेगर टाकल्यावर फसफसला पाहिजे आणि त्यात गंजाच्या किंवा हिरव्या-निळ्या धातूच्या रेघा नसाव्यात. तो घट्ट असतो, त्यात जिवाणूंना जागा कमी, एवढं धरून फिल्टर मोठा ठेवा.

उजेडाबाबत तो फार हळवा आहे. त्याच्या कातडीलाच उजेड-सावली कळते. वरून हात नेला तर काटे त्या दिशेला झुकतात. दिवसा गडद काळा असणारा प्राणी रात्री करडा, पट्टेरी काट्यांचा दिसू लागला तर घाबरू नका, रंगद्रव्य आकसण्याचा तो रोजचा क्रम आहे. लहान पिल्लांचे काटे तर दिवसाही काळे-पांढरे पट्टेरी असतात. दिवे रोज ठरल्या वेळी चालू-बंद व्हावेत, दहा तास पुरे. रात्री बघायचंच असेल तर लाल कागद लावलेली बॅटरी वापरा.

विदर्भात खरी लढाई उन्हाशी. लक्षद्वीपच्या पाण्यातही २८-२९ अंश असतातच. पण तिथे ते दिवसरात्र जवळपास एकसारखं असतं आणि लाटा पाण्यात हवा मिसळतात. तुमच्या खोलीत पहाटे २६ आणि दुपारी ३२ होत असेल तर ती ६ अंशांची रोजची झोक त्याला आकड्यापेक्षा जास्त छळते. २४ ते २७ धरा, दिवसातला फरक २ च्या आत. ३० अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरला जेमतेम सव्वासहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे गरम टाकीत श्वासाचीही टंचाई.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, हा फायदा घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारा छोटा पंखा पाणी खोलीपेक्षा कित्येक अंश थंड ठेवतो. पण त्याने पाणी आटण्याचं प्रमाण दीडपट-दुप्पट होतं, ते गोड्या पाण्यानेच भरायचं, हे पुन्हा सांगतो. ताट्यांचा कुलर खोलीत चालतो, मात्र त्याचा झोत थेट टाकीवर नको, कुलरच्या पाण्याचे तुषार आणि जुन्या ताट्यांची धूळ आत जाते. टाकी पश्चिमेच्या भिंतीला आणि टिनाच्या छताखाली असेल तर आधी ती हलवा. दुसरा कुठलाही उपाय त्यापुढे तोकडा. मृग लागून हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग जवळजवळ संपतो, तेव्हा चिलर लागतो. बर्फाच्या बाटल्या आणीबाणीपुरत्या, एका वेळी एक, अर्ध्या तासात एका अंशाहून जास्त उतरवू नका.

वीज गेल्यावर आधी ऑक्सिजन संपतो, तापमान नंतर. बॅटरीवर आपोआप चालू होणारा हवेचा पंप ठेवा, किंवा पॉवरबँकवर चालणारा. इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरवणारा छोटा पंप जोडा, दिवे आणि चिलर नको. पंपाच्या तोंडाला स्पंजची टोपी घाला. भारनियमनानंतर वीज आली की पंप झटक्याने ओढतो आणि काटे तिथेच मोडतात.

कधी टाकीत एकाएकी पांढरा धूर पसरलेला दिसेल. तो अंडी किंवा शुक्रजंतू सोडतोय. समुद्रात हे चंद्राच्या कलांशी जुळवून होतं, टाकीत धक्क्यानेही होतं. पाणी नासण्याआधी चौथा हिस्सा बदला आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. अळ्या काही आठवडे तरंगत्या अवस्थेत राहतात आणि त्यांना सूक्ष्म शेवाळ खायला लागतं, त्यामुळे घरच्या टाकीत पिल्लं होण्याची आशा धरू नका.

काटा टोचला तर: हा काटा पोकळ, ठिसूळ आणि उलट्या खवल्यांचा असतो, आत गेला की तुटतो. बाहेर दिसणारा तुकडा चिमट्याने सरळ ओढा, खोल गेलेला सुईने उकरू नका, त्याचे आणखी तुकडे होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवा. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासा, टोचलेल्या जागेला चटका कळत नाही. जांभळा डाग काट्यातल्या रंगाचाही असू शकतो, दोन-तीन दिवसांत गेला तर आत काटा नाही. बोटाच्या सांध्यात शिरला, सूज चढली किंवा ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. घरात लहान मुलं असतील तर टाकीला झाकण-कुलूप हवं.

हा अर्चिन पाच दिवसांत सावरला नाही, काटे सपाट पडले, तोंडाकडचा पडदा लोंबला आणि वास सुटला, तर लगेच बाहेर काढा. त्याच दिवशी ७५ लिटर पाणी बदला आणि अमोनिया सलग तीन दिवस मोजा. दुसरा आणायचा विचार निदान पाऊस संपेपर्यंत करू नका. आणाल तेव्हा विकणाऱ्याला सांगून निघायच्या आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवा, छिद्रांच्या प्लास्टिक डब्यात घालून तो डबा दुहेरी पिशवीत आणि पिशवी थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, म्हणजे रात्रभराच्या रेल्वेप्रवासात काटे पिशवी फोडणार नाहीत. घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधी मोजा. टाकीशी फरक असेल तर नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब अशी तीन तास जुळवणी करा, आणि डबा पाण्याखाली धरूनच त्याला बाहेर येऊ द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.